आधी वरचा मजला

मी एक जुनं घडीचं टेबल आहे, मित्रांनो. माझा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा बोटभर आखूड आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्या मागे कुजबुजायला नको.

मला एका सुताराने बनवलं. मालाची रिकामी खोकी फोडून त्याने फळ्या काढल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि बायकोच्या शिवणकामासाठी मला उभं केलं. लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. पाय कापताना त्याचं लक्ष लाकडाकडे होतं की बायकोकडे, ते मी सांगणार नाही. चूक कळल्यावर तो करवत घेऊन निघाला, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या हो. डुलतं ते, पण पडत तर नाही ना?" तिने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. चौतीस वर्षं तसाच पुठ्ठा तिथे होता. जुना झिजला की ती नवा घाली. माझ्या कडेला तिने मापाची पितळी पट्टी ठोकून घेतली होती. माझ्या अंगावर तिच्या कात्रीचे इतके ओरखडे आहेत की मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

त्यांचं घर आठव्या मजल्यावर होतं. इमारत एका कंपनीची, राहणारे सगळे भाडेकरू. एक दिवस लिफ्ट बंद पडली. दारावर कागद लागला, 'काम चालू आहे.' काम कोणालाच दिसलं नाही, कागद मात्र पिवळा पडला.

तळापासून आठव्या मजल्यापर्यंत एकशे चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. तिला दम लागायचा. डॉक्टरांनी जिना चढायला साफ मनाई केली. खाली उतरलं तर परत वर कसं यायचं? म्हणून ती घरातच राहिली. सगळ्यात जास्त हळहळ तिला कापडाच्या दुकानाची वाटे. सुतार कापड आणायचा आणि ती ते चिमटीत धरून म्हणायची, "अहो, हे कापड आहे की पोतं? कापड बोटांनी निवडायचं असतं, तुम्ही डोळ्यांनी निवडता." मग तो बिचारा पुन्हा एकशे चव्वेचाळीस पायऱ्या उतरायचा. तिला एकच हवं होतं, आपल्या पायांनी दुकानात जाऊन आपल्या बोटांनी कापड निवडायचं.

तळमजल्यावर एक मास्तर राहत. त्यांनी आणि आसपासच्या दहा-बारा जणांनी मिळून एक गट काढला होता, लोकशाही समाजवादी गट. नाव मोठं आहे, पण अर्थ सोपा आहे, मित्रांनो. जी गोष्ट सगळ्यांच्या वापराची, तिच्याबद्दल सगळ्यांनी मिळून ठरवायचं. जो मालक तोच शहाणा, असं मानायचं नाही. इतक्या मोठ्या नावाच्या गटाकडे साधं टेबल नव्हतं. मास्तरांनी सुताराकडे मला मागितलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "निदान टेबल तरी खाली जाऊन येईल."

पहिली सभा अंगणात भरली. मास्तरांचा नियम होता, सगळे एकेकदा बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, आणि प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरवायची. चहा सभेआधी की नंतर, यावरही मतदान झालं. लोक त्यांना मागे 'ठराव मास्तर' म्हणत. बस चालवणाऱ्या ड्रायव्हरबाई मात्र तोंडावरच म्हणत. त्या दिवशी ठरलं, वर्षातलं पहिलं काम म्हणजे अंगणात बाक आणि दिवा. लिफ्टचं काम वेळखाऊ, ते पुढे बघू. झाडून सगळ्यांनी हात वर केले. आमच्या सुतारानेही केला. बाक म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे लाकूड आलं असणार.

मला काखेत मारून तो धापा टाकत वर आला आणि आनंदाने म्हणाला, "ठराव एकमताने पास झाला!"

ती सुईत दोरा ओवत होती. "कोणाच्या मताने?"

"सगळ्यांच्या."

"मी होते का?"

त्याने मला हळूच भिंतीला टेकवलं.

"सातव्या मजल्यावरची कुबडीवाली होती? सहाव्यावरचे कंपाउंडर होते?" तिने दोरा दाताने तोडला. "लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत सभा खाली भरवता, आणि लिफ्टचं नंतर बघू म्हणून ठरवता. तुमच्या मास्तरांना माझा नमस्कार सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः वर आले. दाराची चौकट धरून उभे राहिले. चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. "मावशी, आमची चूक..."

"आधी बसा. चूक कुठे पळून जात नाही."

मित्रांनो, मी पुष्कळ माणसं पाहिली. चूक कळल्यावर तोंड लपवणारी जास्त असतात. मास्तरांनी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "मग आता कसं करू?" म्हणून मला तो माणूस आवडतो.

ठरलं असं की पुढची सभा आठव्या मजल्याच्या जिन्यापाशी घ्यायची, मग सातव्या, मग सहाव्या, अशी दर आठवड्याला एकेक मजला खाली. मी त्या जागेत मावेन का, हे माझ्याच पितळी पट्टीवर मापलेल्या दोरीने मोजलं. चार बोटं जागा उरली. आणि तिने माझ्यासाठी एक चादर शिवली. तिच्यावर छत्तीस खिसे होते, इमारतीतल्या छत्तीस घरांसाठी. आठवा मजला सगळ्यात वर, तळमजला सगळ्यात खाली. ज्याला जे हवं, ते त्याने चिठ्ठीवर लिहून आपल्या खिशात टाकायचं. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी मास्तर लिहायचे. खिसा रिकामा दिसला की ड्रायव्हरबाई ते दार ठोठावायच्या. रिकामा खिसा म्हणजे राहिलेलं माणूस, असं त्यांचं साधं गणित होतं.

सहाव्या मजल्यावरच्या कंपाउंडर आजोबांनी दार अर्धंच उघडलं. "समाजवादी ना तुम्ही? मग माझी खुर्चीही वाटून घेणार असाल."

"आजोबा, तुमच्या खुर्चीला तीनच पाय धड आहेत," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "ती कोणी फुकट घेणार नाही."

आजोबा हसले नाहीत, पण पुढच्या सभेला तीच खुर्ची घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. मी आखूड पायाचा, ती मोडक्या पायाची. आमचं छान जमलं.

सभा तळमजल्याला पोचली तोवर छत्तीसही खिसे भरले होते. सगळ्यांच्या सहीचं पत्र कंपनीला गेलं. उत्तर आलं, सुटे भाग मिळत नाहीत. मग सगळ्यांनी कंपनीच्या साहेबांना आठव्या मजल्यावर चहाला बोलावलं. साहेब आले, आणि पाचव्या मजल्यावर पायरीवरच बसले. वरून कठड्याशी उभी राहून ती म्हणाली, "या ना साहेब, तीनच मजले राहिलेत! मी तर थांबणारच आहे, मला कुठे जायचंय?"

साहेब चहा पिऊन गेले, पण लिफ्ट काही हलली नाही. थंडी सुरू झाली. तिचा दम वाढला. मशीनवर बसली की मध्येच हात थांबायचा. सुतार कापडाचे तुकडे आणून तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि तिच्या बोटांकडे बघत बसायचा. गटातलेही काही जण कंटाळले. एका सभेला पाचच माणसं होती. मास्तरांनी तरीही मतदान घेतलं, आणि पाच जणांनी ठरवलं की कंपनीच्या कचेरीबाहेर बसायचं.

तीन आठवडे मी त्या फुटपाथवर उभा होतो. माझ्यावर ती चादर, तिच्यात छत्तीस घरांच्या चिठ्ठ्या. ड्रायव्हरबाई ड्युटी संपली की गणवेशातच येत. आजोबा सकाळी दोन तासांत सहा मजले उतरत आणि मोडक्या खुर्चीत बसत. येणारे-जाणारे चिठ्ठ्या वाचत. 'आईला दवाखान्यात उचलून न्यावं लागतं.' 'मला शाळेतून आल्यावर बाळ आणि पाणी दोन्ही वर न्यावं लागतं.' पाच माणसांची पन्नास झाली. चौथ्या सोमवारी कंपनीचे कारागीर इमारतीत आले. सुटे भागही मिळाले. कुठून मिळाले, कोण जाणे!

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी ती नवी साडी नेसली. खाली आल्यावर अंगणात जराशी थांबली आणि मग थेट कापडाच्या दुकानात गेली. सुतार मागून पिशवी घेऊन. तासभर तिने एकेका ताग्यावरून बोटं फिरवली आणि घेतलं काय, तर वीतभर अस्तर. सुतार म्हणतो, इतकं सुंदर अस्तर त्याने जन्मात पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी अंगणात सभा झाली. मास्तरांनी उरलेल्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. "आठवा मजला, दुसरं दार. 'आधी लिफ्ट. मग बाक, कारण आमच्या ह्यांचा हात त्याच्यासाठीच वर गेला होता.'" सगळं अंगण हसलं. सुतार आपल्या चपलांकडे बघत राहिला. बाकाचा ठराव पुन्हा एकमताने पास झाला, आणि या वेळी ते एकमत खरं होतं.

सुताराने बाक केला. चारही पाय सारखे. ती त्यावर सात आठवडे बसली, रोज ऊन उतरताना. आठव्या आठवड्यात ती गेली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. सुताराने माझी घडी घातली आणि मला दाराआड भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पुठ्ठा कुठेतरी पडला. माझ्या बिजागरीत कोळ्याने घर केलं. सुतार लिफ्ट असून जिन्याने चढायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "सवय झाली."

एक दिवस मास्तर आले. समोरच्या इमारतीत वरच्या तीन मजल्यांना पाणी चढत नव्हतं. गट तिथे काम सुरू करणार होता.

"टेबल हवंय ना?" सुतार म्हणाला. "ठराव झाला असेल."

"नाही काका," मास्तर म्हणाले. "तुम्हाला विचारल्याशिवाय कसा करणार?"

 सुतार उठला, त्याने मला दाराआडून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, बिजागरीत तेल सोडलं. करवत हातात घेतली, माझ्या आखूड पायाकडे पाहिलं आणि करवत परत ठेवली. तिच्या डब्यातून एक पुठ्ठा काढून त्याने घडी केली आणि खिशात टाकली.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड कोणीतरी असंच उभं असेल. आम्हाला जपायचं म्हणजे झाकून ठेवायचं नाही. पुसा, तेल घाला आणि कामाला लावा. आणि मांडायच्या आधी एकदा बघा, कोण यायचं राहिलं आहे.

समोरच्या इमारतीच्या फाटकापाशी ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "काका, इथेच मांडू या का? सगळ्यांना बरं पडेल."

सुताराने मला काखेत नीट धरलं आणि जिन्याकडे वळला.

"आधी वर," तो म्हणाला.