शेवटचा दुवा

बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतला पंखा मुलांवर चालायचा, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तक्रार करत नसे; मे महिन्यात वारा सगळ्यांनाच हवा असतो. तोंडी परीक्षेला तिघातिघांना हात धरून आत सोडत, आणि उंबऱ्यावरच हात एकमेकांना चिकटत.

ज्याला सर्वांत कमी येतं त्याला टोकाला उभं करायचं, ही मुलांची जुनी रीत. तिथवर येईतो परीक्षक कंटाळलेला असतो. हेमांगीनेही तेच केलं. पुढे हुशार अर्पिता, मध्ये स्वतः, आणि टोकाला धाकटी बहीण केतकी, जी सकाळपासून तीच तीन पानं उलटत होती. हिला एकटी सोडू नकोस, असं आईने बजावलं होतं.

बाहेरगावचे परीक्षक घामाघूम होऊन बसले होते. पंखा बंद होता.

"एटीपी म्हणजे काय?"

"ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट," अर्पिता म्हणाली. "ॲडेनोसिनला ओळीने तीन फॉस्फेट जोडलेले असतात. एक तुटला की शक्ती मिळते."

"कोणता?"

"टोकाचा, सर."

आपण केतकीला कुठे उभं केलंय, ते हेमांगीला आता कळलं.

"सर, आम्ही जागा बदलतो. मी जाते टोकाला."

"ते बाहेर ठरवायचं असतं."

ते उठले आणि त्यांनी केतकीला गवारीची शेंग मोडावी तसं मनगटापाशी मोडलं. आवाजही तेवढाच झाला.

"ताई, मला अजून काही विचारलंच नाही," केतकी म्हणाली. पंखा फिरू लागला आणि तिच्या जागी नुसती फरशी उरली.

परीक्षकांनी कॉलर सैल केली. "आता तुम्ही काय?"

"एटीपी," हेमांगी म्हणाली. "आम्ही तिघी आहोत."

"चूक. तुम्ही सांगा."

"एडीपी, सर," अर्पिता म्हणाली. "दोघीच उरलो."

"छान."

हेमांगीला तिचा इतका संताप आला की तिने हात हिसडला. तो सुटला नाही.

"तिला परत जोडा," ती म्हणाली.

"जोडायलाही शक्तीच लागते. ती कुठून आणू?"

तेवढ्यात पंखा मंदावला. परीक्षकांनी कपाळ पुसलं. अर्पिताने आधी वर पाहिलं, मग हेमांगीकडे न बघता दोघींचे जुळलेले हात उचलून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवले.