सातव्या महिन्यातले बाळ आणि ओले सूप

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे. जव्हारला महाराजांचे राज्य होते, तेव्हा वांगणीच्या एका पाड्यावर पुंजाने मला बांबूच्या कामट्यांचे विणले. माझे काम म्हणजे नागली, म्हणजेच नाचणी, पाखडायचे. हलके ते उडवून द्यायचे, भरीव ते ठेवायचे. पुंजाची आई गोजाबाई शेजारणींना सांगायची, "असं सूप सगळ्या पाड्यात नाय." मी मनातल्या मनात फुगायचे.

पौषातल्या एका सकाळी पुंजाची बायको तानी बाळंत झाली. अजून दोन महिने बाकी होते हो! सुईण रामीने बाळ हातावर घेतले आणि ती दचकलीच.

"अगं बाय, पोर हाय का उंदराचं पिल्लू?"

कुणी हसले नाही.

त्या घरची रीत अशी, की नवे बाळ सुपात ठेवायचे आणि पाचवीची पूजा होईपर्यंत तिथून हलवायचे नाही. सटवाई नशीब लिहायला सुपाशीच येते ना! म्हणून गोजाबाईने मला भक्तीने धुतले, शेणाने ताजे सारवले, वर हात जोडले. मी धन्य झाले.

मग बाळ माझ्यावर ठेवले, आणि मी हबकले. वजनच नाही! सूपभर नागली त्याहून जड लागते. बोटांना नखेही नीट आलेली नव्हती. वरून फडके पांघरले होते, पण खाली मी ओले आणि गार. त्याच्या अंगातली ऊब माझ्यात उतरू लागली. ओठ निळे पडले. रडणे मांजरीच्या पिलासारखे बारीक, मग तेही थांबले. अरे देवा, मीच याला गारठवते आहे! पण मला कुठे बोलता येत होते?

"आत्याबाय, पोर माझ्यापाशी द्या," तानी म्हणाली.

"पाचवी झाल्याबिगर नाय. सटवाई कोपंल."

"तवर ते ऱ्हाईल का?"

"तुला लई कळतं! पयलंच बाळंतपण तुझं."

तानी सरपटत आली, बाळ उचलले, उघड्या छातीशी धरले आणि वरून लुगडे गुंडाळले. रामीने तोंडावर हात ठेवला. गोजाबाई जागच्या जागी थिजली.

बऱ्याच वेळाने लुगड्यातून कुरकुर ऐकू आली. रामीने हात घालून पाहिले.

"गोजाबाय, ऊन लागतंय गं अंग!"

पुढचे चार दिवस तानीने बाळ अंगावेगळे केले नाही. त्याला चोखता येईना, तेव्हा रामी कापसाच्या बोळ्याने तानीचेच दूध थेंब थेंब पाजायची.

पाचवीला गोजाबाईने माझ्यात हळद, कुंकू, तांदूळ मांडले.

"सटवाई माय, पोर सुपात नाय. आईच्या उराशी हाय. तिथं जाऊन लिव."

मित्रांनो, माझी पूजा खुशाल करा. पण वेळेआधी आलेल्या इवल्या जिवाला आधी आईच्या अंगाची ऊब द्या. देवी तिथेही येते. मी पाहिले आहे.