बनाबाईचं पातेलं

"हे पातेलं बघ आधी, मग तोंड उघड," पिराजीतात्या म्हणला आणि पितळी पातेलं दाणकन दिलदारच्या पुढ्यात आपटलं.

दिलदारनं पातेलं मागितलंच न्हवतं. त्यानं चाकाची खुर्ची मागितली हुती. ती तिथंच हुती, भिंतीला लावून, वर वाकळ घडी करून ठेवलेली. तात्याची बायको बनाबाई तीन वर्षं त्या खुर्चीत बसली आणि गेल्या श्रावणात गेली. तवापासनं त्या खुर्चीत कोण बसलं न्हाय, तरी चाकांवर धूळ न्हवती. म्हणजे म्हातारा रोज पुसत हुता. दिलदारच्या नजरेतनं असलं काय सुटत न्हाय. दिवसभर रिक्षाच्या आरशात मागची माणसं बघून डोळ्याला खोडच लागलेली.

पण आज बघत बसायला टाईम न्हवता. तीन वाजून गेलेले. त्याच्या अम्मीचा, ताजबीचा, खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं आणि चार वाजता दवाखान्यातनं सोडणार हुते. महिनाभर पाय टेकवायचा न्हाय असं डॉक्टरनं दोनदा सांगितलेलं. त्यांची भाड्याची खोली दुसऱ्या गल्लीच्या टोकाला, संडास अंगणाच्या पार पलीकडं. दिलदार सकाळी रिक्षा घेऊन बाहेर पडला की घरात दुसरं कोण न्हाय. खुर्ची असली तर शेजारची शबनूर ढकलत तरी नेईल. नसली तर अम्मीनं काय करायचं, ते इचार करायला पण लाज वाटावी असं हुतं. खुर्च्या देणाऱ्या एका संस्थेत तो सकाळीच जाऊन आलता. तिथल्या सगळ्या बाहेर गेलेल्या, पुढच्या आठवड्यात या म्हणले. मग तात्याच्या गल्लीतल्या तालीम मंडळाच्या सम्राटनं कानात सांगितलं, पिराजीतात्याकडं एक पडून हाय, पण माझं नाव काढू नकोस.

नाव का काढायचं न्हाय ते आता कळालं.

तात्या सुरू झाला की थांबत न्हाय. जलमभर फौंड्रीत साचे भरलेला माणूस, मशिनीच्या वर आवाज काढायची सवय, घरात पण तसाच बोलतो. एकवीसच्या महापुरात तालमीनं शिरोळकडं टेम्पो पाठवला, सम्राट पुढं बसून गेला. गल्लीतल्या बायकांनी जुनी भांडी, जुनी लुगडी काढून दिली. बनाबाईनं मात्र फळीवरनं हे पातेलं काढलं. माहेरनं आलेलं, काठावर टिंबाटिंबानं तिचं नाव घातलेलं. घरच्या म्हाईचा, देवीच्या बकऱ्याच्या जेवणाचा, रस्सा ह्यातच व्हायचा. तात्या म्हणला, अगं स्टीलचं दे की कुठलंतरी. ती म्हणली, फुटकं देऊन काय उपकार करायचे, ज्यात आपण रांधतो ते द्यायचं. आणि टेम्पो हलायच्या आधी सम्राटला म्हणली, कुणाच्या घरात जातंय तेवढं मला येऊन सांग. सम्राट व्हय म्हणला आणि कधी सांगायला आलाच न्हाय.

पुढच्या पाडव्याला तात्या आजारी बायकोला पाजायला छोटं भांडं घ्यायला बाजारात गेलता. भांड्याच्या दुकानात मोडीचा ढीग, आणि ढिगाच्या वर हे. तात्यानं ते परत इकत घेतलं आणि घरी आणून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलं. तवापासनं दारात कोणबी मागायला येऊ दे, गणपतीची पोरं, अन्नदानवाले, अंध शाळेचे मास्तर, सगळ्यांना आधी पातेलं दाखवायचं. टेम्पो गावाच्या बाहेर गेलाच न्हाय, सम्राटनं सगळं मोडीत घातलं, हे सांगायचं आणि दार लावायचं. गल्लीतली पोरं तर कोण वर्गणीचं पुस्तक घेऊन आला की म्हणायची, जा, पातेलं बघून ये. हळूहळू बाकीच्या घरांना पण ते सोयीचं पडलं. तात्याचं बघितलं न्हवं का, म्हणायचं आणि हात मागं घ्यायचा. पुढच्या पुराला गल्लीतनं टेम्पो निघालाच न्हाय. सम्राटनं शपथा घेतल्या, कुणी ऐकलं न्हाय, मग त्यानं तालमीचं पद सोडलं आणि तात्याच्या दारावरनं जाताना मान खाली घालाय लागला.

दिलदारचं डोकं तापलं. ह्याच्या पातेल्याचा आणि आपल्या अम्मीच्या खुब्याचा काय संबंध? तो तसं बोलणारच हुता, तेवढ्यात पातेल्याच्या कडीकडं त्याची नजर गेली.

दोन कड्या हुत्या. एक नुसती. दुसरीला चिंधी आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, एकाला एक लागून, जसं मोटरीचं वाइंडिंग करतात तशी.

ती तार त्यानंच गुंडाळलेली. पुरात बुडून जळालेल्या मोटरीतली तार काढून, जयसिंगपूरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात बसून. कडी तापायची आणि अम्मीचा हात भाजायचा म्हणून. तार एका कडीपुरतीच निघाली.

गप बसलं तर तात्याला कधी कळणार न्हवतं. हात जोडून, पाय धरून अजून एकदा मागता आलं असतं. बोललं तर खुर्ची गेलीच समज. दाराबाहेर त्याची रिक्षा उभी हुती, मागच्या सीटवर अम्मीसाठी गादी पसरून ठेवलेली. त्यानं तिकडं बघितलं आणि दात दाबून धरले.

तात्याला वाटलं पोरगं ऐकालंय. त्यानं तारेवर बोट आपटलं.

"ही चोराची खूण. ज्यानं हे इकलं न्हवं, त्याची आई अशीच झिजून मरू दे, माझ्या बायकोगत."

"मी इकलं," दिलदार म्हणला.

तात्याचं बोट तारेवरच राहिलं.

"सम्राटनं न्हाय. मी. आम्ही मूळचं शिरोळकडचं. तुमचा टेम्पो आमच्याच शाळेत आलता. ही तार पण माझीच. आता माझ्या आईला काय बोलायचं ते तोंडावर बोला."

मग सगळं बाहेर पडलं, दिलदारला थांबवताच येईना. शाळेत चाळीस माणसं हुती. पाणी उतरल्यावर घरी गेले तर दोन भिंती बसलेल्या, छप्पर न्हाय. मदत रोज यायची. भांडीच भांडी. एकट्या त्यांच्या घराला नऊ पातेली आली, सात हंडे, आणि पाऊस पडालेला तर डोक्यावर धरायला एक ताडपत्री न्हाय. चूल कुठं मांडायची ते ठाऊक न्हाय आणि चुलीवर ठेवायला नऊ पातेली. दिवाळीच्या आधी त्यानं सगळी पोत्यात भरली, कोल्हापुरात आणून मोडीत घातली, तवा कुठं तीन पत्रे आले. अम्मी म्हणालेली, हे एक ठेव, ह्याच्यात जीव अडकलाय माझा. त्यानं ठेवलं न्हाय.

"नाव वाचलं न्हाईस?" तात्यानं इचारलं. आवाज एकदम खाली आलेला.

"काजळीनं काळं झालतं. आणि वाचून तरी काय करणार हुतो?"

तात्या खाली बसला. पातेल्यात हात घालून तळाला चाचपाय लागला. तिथं कल्हई उडालेली, काळा डाग हुता.

"ह्याच्यात काय शिजलं?"

"भात. रोज. कधी आमटी. तिसऱ्या दिवशी भात लागला, त्याचाच हा डाग. अम्मीच रांधायची."

"चाळीस माणसं?"

"कधी पन्नास."

तात्या खुर्चीकडं न बघता सांगाय लागला. पाडव्याला पातेलं आणलं तवा बनाबाईचं अंग लुळं पडून तीन म्हैने झालेले, वाचा गेलेली. त्यानं पातेलं तिच्या मांडीवर ठेवलं. बघ तुझं दान, म्हणला. ह्यातलं शीत कुणाच्या पोटात गेलं न्हाय. चोरांच्या घशात घातलंस, म्हणला. तिचा एक हात चालायचा. त्या हातानं ती त्या तारेवरनं बोट फिरवत बसली. फिरवतीया, फिरवतीया. डोळ्यांतनं पाणी. तात्याला वाटलं डोक्यावर परिणाम झाला, त्यानं पातेलं ओढून घेतलं. पुन्हा तिच्या हातात कधी दिलं न्हाय.

दिलदारला वाटलं, तिला कळालं असणार. कडीला तार कशाला गुंडाळतात ते रांधणाऱ्या बाईला सांगावं लागत न्हाय. पण ते ह्या माणसाला आता सांगून काय, जीवच घ्यायचा का त्याचा.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झालते.

"घेऊन जा," तात्या म्हणला.

दिलदार उठला आणि त्यानं खुर्चीच्या मुठीला हात घातला.

"ती न्हवं," तात्या म्हणला. "पातेलं. तिनं तुम्हाला दिलतं. तुमचं हाय."

"तात्या, पातेलं काय करू मी? तिला आज सोडालेत."

तात्या उठून खुर्चीपाशी आला. वाकळेची घडी मोडली न्हवती तरी त्यानं ती पुन्हा नीट केली. हात तिथंच ठेवला.

"खुर्चीचं उद्या बघू."

"उद्या काय बघायचं त्यात?"

"उद्या ये की मर्दा."

आवाजात राग न्हवता. सम्राट चोर न्हाय हे कळालतं, पातेल्यात चाळीस माणसं जेवली हे कळालतं, आता न द्यायला काय म्हणून कारण उरलं न्हवतं. तरी हात वाकळेवरनं हलत न्हवता. दिलदारनं त्या हाताकडं बघितलं आणि त्याला शिवी आठवली, ती पण तोंडातनं बाहेर येईना. पत्रा पाहिजे तवा पातेलं. खुर्ची पाहिजे तवा पातेलं.

तो बाहेर आला. मागनं तात्या पातेलं दोन्ही हातांत धरून, पायऱ्या सांभाळत उतरला आणि रिक्षात वाकून, गादीच्या बरोबर मधोमध, जिथं अम्मीला निजवायचं हुतं तिथं ठेवलं. वर म्हणला, सांग तुझ्या आईला, बनाबाईनं दिलंय म्हणून. आणि रिक्षाची दांडी धरून उभा राहिला, अजून काहीतरी इचारायचं असल्यागत.

दिलदारनं स्टार्टर मारला.

"तात्या, हात काढा. मला जायला पाहिजे आता."