दार वाजवल्याची फी

खोलीत एकूण त्र्याऐंशी जबडे होते. एकेचाळीस वरचे, बेचाळीस खालचे, सगळे प्लास्टरचे. शिवाय मेणाच्या पट्ट्यांचा एक पत्र्याचा डबा, प्लास्टरची दोन पोती, त्यातलं एक फोडलेलं, साचे उकळायची एक टाकी, एक बाक, दोन स्टुलं, आणि खिडकीखाली पॉलिशच्या दोन मोटरी. बेलीफने उभ्याउभ्या हे सगळं मोजलं, आणि मग पेन हवेत धरून तो थांबला. जबड्यांची किंमत काय लावायची ते त्याला सुचेना.

"हे विकायला काढले तर कोण घेईल?" त्याने विचारलं.

"काय?" कवळीबाई म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं.

"कोण घेणार? ज्याचा जबडा त्यालाच उपयोगी, आणि त्याच्याकडे एक आहेच."

बेलीफ हसला असावा. नक्की सांगता येत नव्हतं, कारण त्याच्या मिशा वरच्या ओठावर पडद्यासारख्या लोंबत होत्या आणि त्यांच्या आड काय चाललंय ते बाहेर कळत नव्हतं. तो बोलायचाही तसाच, मिशांतल्या मिशांत. कवळीबाईला वाटलं, ही त्यांच्या खात्याची युक्ती असेल. माणसाला धड ऐकूच जाऊ द्यायचं नाही, मग तो कशालाही हो म्हणतो.

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा तिचा धंदा. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवायचे, ती त्यावरून जबडा ओतायची, मेणात दात बसवायची, पुढचं सगळं करून चकचकीत कवळी परत पाठवायची. नवऱ्याकडून शिकली आणि तो गेल्यावर एकटीने चालवलं. गल्लीत तिला सगळे कवळीबाईच म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

मागच्या वर्षी दोन डॉक्टरांनी कारखान्यातून माल मागवायला सुरुवात केली आणि तिचा हात आखडला. घरपट्टी थकली. पण थकलेली सगळी रक्कम तिने महिन्याभरापूर्वी कचेरीच्या खिडकीवर उभं राहून भरली होती, पावती आणली होती, आणि विषय संपला असं धरून चालली होती. विषय संपला नव्हता. दरम्यान तिचं प्रकरण बेलीफांकडे गेलं होतं आणि त्यांची फी वेगळी होती. नोटिशीची एक, आणि घरी येऊन गेल्याची दर खेपेला एक, अशा तीन खेपा. बेरीज जवळपास घरपट्टीएवढीच झाली होती. ती भरली नाही तर तेवढ्या किमतीचा माल उचलायचा. धंद्याचं हत्यार उचलता येत नाही, पण माफी एकाच मोटरला होती. दुसरी मोटर जास्तीची, म्हणून उचलण्याजोगी.

"जास्तीची कशी?" ती म्हणाली. "एकीवर घासते, दुसरीवर चकाकी आणते. एकीवरच दोन्ही केलं तर घासलेला भुगा चकाकीत जातो. मग कवळी घालणाऱ्याच्या हिरड्या सोलून निघतात."

बेलीफने ते लक्षपूर्वक ऐकलं. त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. दोन्ही मोटरींच्या चाकांवरून त्याने बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि हे काय लावता म्हणून विचारलं. तिने सांगितलं. मग तो म्हणाला की यादीत तशी नोंद करायला रकाना नाही.

कवळीबाईला दोन माणसांचा राग आला होता. एक हा, आणि दुसरी तिची धाकटी जाऊ. जाऊ खालच्या मजल्यावर राहायची. शिवणकाम करायची, स्वभावाने बरी होती. पण वर्षभरापासून तिला एक वाईट खोड लागली होती. दार न वाजवता, हाक न मारता, ती सरळ ढकलून आत यायची. सख्खी जाऊ झाली म्हणून काय झालं, माणसाने दारात थांबावं की नाही. कवळीबाईने दोनदा आडून सुचवलं होतं, धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आज तर कहर झाला. हा माणूस तिला जिन्यात भेटला, वर कवळीवाल्या बाई आहेत का म्हणाला, आणि ही त्याला घेऊन थेट आत. बेलीफला आपणहून आत शिरता येत नाही, कोणीतरी घ्यावं लागतं. या बयेने पायघड्या घालून आणला, आणि आता बाकाच्या टोकाला बसून जबडे मोजण्यात त्याला मदत करत होती.

"त्या मागच्या फळीवरचे चार धरलेत ना?" धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस."

पण कवळीबाईकडे एक मुद्दा होता आणि तो तिने राखून ठेवला होता. कोणताही कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं की दार वाजवून, पुरेसा वेळ वाट पाहिली असेल तरच खेप धरली जाते. या तीन खेपांच्या वेळी ती घरात होती. दार कोणी वाजवलं नव्हतं. खालच्या पेटीत चिठ्ठी तेवढी पडलेली असायची.

"पेटीत चिठ्ठी टाकायला दोन पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "खालच्या खाली टाकलीत आणि वर येऊन गेल्याचे पैसे लावलेत. तिन्ही खेपा काढा, मी नोटिशीची फी आत्ता देते."

बेलीफने पेन खिशाला लावलं. तो रागावला नाही, पण त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. तो काहीतरी म्हणाला.

"काय?"

"वाजवलं होतं म्हणतात," धाकटीने सांगितलं. "प्रत्येक वेळी तीनदा. आतून मोटरचा आवाज येत होता."

"मोटर चालू असली तरी मला दार ऐकू येतं. इतकी वर्षं काय डॉक्टरांची माणसं धुराड्यातून येत होती?"

कानाचा तिला गर्व होता, आणि तो उगाच नव्हता. कवळी तयार झाली की बाकीचे लोक वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरून बघतात, कुठे डाग पडतो ते. तीही बघायची. पण शेवटचा कौल कानाचा. दोन्ही कवळ्या हातात धरून मिटवायच्या. एकच टक् असा आवाज आला तर बसल्या. टकटक असा दुहेरी आला तर कुठेतरी एक दात उंच आहे. नवऱ्याने हे शिकवलं होतं आणि पुढे ती त्याच्याहून तरबेज झाली. अलीकडे तीन कवळ्या उंच म्हणून परत आल्या होत्या, पण तो डॉक्टर नवा होता, त्याचा हात अजून बसायचा होता.

"करून बघू," ती म्हणाली.

"काय करून बघू?" धाकटीने विचारलं.

"मी मोटर चालू करते. साहेब बाहेर जाऊन वाजवतील. त्यांनी वाजवलं तसंच, जास्त जोरात नाही. मला ऐकू आलं तर ते खोटं बोलले. नाही आलं तर मी पैसे देते."

बेलीफने दाराकडे बघितलं, हातातल्या यादीकडे बघितलं. त्याच्या नोकरीत लोकांनी त्याला दारातून हाकललं होतं, दोनदा कुत्रं सोडलं होतं, एका म्हाताऱ्याने झोपेचं सोंग घेतलं होतं. प्रयोगाला कोणी बोलावलं नव्हतं. तो निमूटपणे बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

तिने मोटर चालू केली, एक कवळी चाकाला धरली. भुगा उडू लागला. मोटरचा वेग ती बोटांनीच ओळखायची, आज चांगली फिरत होती. बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि बेलीफ बोटांची पेरं चोळत आत आला.

"वाजवलंत?"

त्याने तीन बोटं दाखवली.

कवळीबाईने मोटर बंद केली. ठीक आहे, ती म्हणाली, बारीक वाजवलं असेल. तरी पण तिच्या मनात काहीतरी खुपलं. अशा प्रयोगात एक गोम होती आणि ती तिला उशिरा लक्षात आली. बाहेर उभं राहून याने वाजवलंच नसेल तर? मग आत काही ऐकू येणारच नाही आणि जिंकणार तोच. मोटर बंद ठेवून एकदा बघायला हवं होतं. शांत खोलीत तर मुंगीचीसुद्धा चाहूल लागते. तेव्हाही काही ऐकू आलं नाही, तर हा नुसताच उभा राहतो हे सिद्ध.

"आता मोटर बंद. पुन्हा जा."

तो पुन्हा गेला. दार लागलं. कवळीबाई आपल्या स्टुलावर बसली, हात मांडीवर. धाकटी समोर बाकावर होती. खिडकीतून आलेल्या उन्हात प्लास्टरची धूळ तरंगत होती. कवळीबाई थांबली. अजून थांबली. तिने मनाशी म्हटलं, बघ, धरला की नाही चोर. आता आत आला की विचारते, काय साहेब, हात झडले का तुमचे?

"अगं ताई, उघड की," धाकटी म्हणाली.

कवळीबाईने तिच्याकडे बघितलं.

"वाजलं?"

"वाजलं म्हणजे काय? दुसऱ्यांदा वाजवतायत." धाकटीची मान दाराकडे वळली. "हे तिसऱ्यांदा."

धाकटीची मान वळली तसा तिचा शेवटचा शब्द पुसट झाला. कवळीबाईच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. समोर तोंड होतं तोवर शब्द होते. जन्मभर तिने लोकांच्या तोंडाकडे बघितलं होतं, ओठ कसे उचलले जातात, जीभ कुठे टेकते, कुठला दात शब्दाला अडतो. त्या बघण्यात ऐकणं कधी मिसळून गेलं ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. आणि या माणसाच्या तोंडावर मिशा होत्या.

बेलीफ आत येऊन दारापाशीच उभा राहिला.

"तुला माहीत होतं?" कवळीबाईने जावेला विचारलं.

धाकटीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मागच्या हिवाळ्यापासून माहीत होतं, ती सांगू लागली. दार वाजवून वाजवून हात दुखायचे, खालून हाका मारून घसा बसायचा. एकदा अर्धा तास जिन्यात उभी होती. मग सोडूनच दिलं.

"म्हणून सरळ आत येतेस."

"मग काय करू?"

"मला वाटलं, तुला रीत राहिली नाही."

"वाटू दे म्हटलं," धाकटी म्हणाली. "रीत नाही हे बरं. दुसरं कसं सांगणार तुला, तुझं काम असं."

कवळीबाईने बाकावरची एक तयार कवळी उचलली, वरची खालच्यावर मिटवली, पुन्हा उघडून मिटवली. मग नव्या डॉक्टरकडून परत आलेल्या तीन कवळ्या फळीवरून काढून तिने समोर ओळीने मांडल्या आणि निळ्या कागदाची वही जवळ ओढली. ते काम उद्याचं. आज माणूस दारात उभा होता.

बेलीफ पुढे आला. या वेळी तो तिच्या अगदी समोर उभा राहिला, आणि बोलण्यापूर्वी त्याने दोन बोटांनी मिशा वर सारल्या. तो म्हणाला की यावर एक वाट आहे. खेप झाली पण घरातल्या माणसाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, असा शेरा मारता येतो. वरचे साहेब तो बघून खेपांची फी माफ करतात, आणि तोवर मोटर उचलता येत नाही. फक्त शेऱ्याखाली तिला सही करावी लागेल. आणि तो कागद कचेरीत राहतो, कोणीही बघू शकतं.

"कोणीही म्हणजे डॉक्टरसुद्धा," धाकटी म्हणाली.

"डॉक्टर कशाला जातोय तिकडे?" कवळीबाई म्हणाली, पण जाऊ शकतो हे तिलाही कळत होतं. ती खिडकीखालच्या दोन मोटरींकडे बघत राहिली. दुसरीचं चाक चकाकीच्या पावडरीने अजून पांढरं होतं.

"शेऱ्यात काय लिहिता?"

"बाईंना ऐकू येत नाही."

"काय?"

त्याने मिशा पुन्हा वर धरून सांगितलं.

"तसं लिहू नका," ती म्हणाली. "खोटं होईल. ऐकू येतं मला. आत्ता तुमचं आलं की. कुठून येत नाही, ते लिहा."

"कुठून येत नाही?"

"ते कुठे माहीत आहे अजून? बाहेर जा."

तो तिसऱ्यांदा बाहेर गेला. तिने स्टूल उचलून खोलीच्या मध्यावर ठेवलं, दाराकडे पाठ करून बसली, आणि धाकटीला सांगितलं की प्रत्येक ठोक्याला बोट वर कर, पण माझ्या मागे उभी राहून, मला दिसता कामा नये. मी ऐकलं की हात वर करीन. तुझं बोट आणि माझा हात एका वेळी आला तर खरं.

मध्यावर काही आलं नाही. तिने स्टूल हातभर मागे सरकवलं. काही नाही. पुन्हा सरकवलं. बाहेर बेलीफ तीन ठोके मारून थांबत होता, आतलं सरकणं ऐकून पुन्हा मारत होता, आणि एकदाही त्याने घाई केली नाही. धाकटीचं बोट वर जात होतं, खाली येत होतं. जिन्यातून कोणीतरी चढून गेलं आणि त्याने बेलीफला विचारलं असावं, कारण पलीकडून थोडं बोलणं झालं असं धाकटीने नंतर सांगितलं.

स्टूल दाराच्या बरंच जवळ आलं तेव्हा कवळीबाईने डोळे मिटले. मग तिचा हात वर गेला. खाली आला. वर गेला. धाकटीने आपल्या बोटाकडे बघितलं आणि पुन्हा जावेच्या हाताकडे.

"अजून एकदा," कवळीबाई म्हणाली. "चुकून लागलं असेल."

बेलीफने पुन्हा तीनदा वाजवलं. हात तीनदा वर गेला.

धाकटी खाली जाऊन शिवणाची टेप घेऊन आली. बेलीफ आत आला, खाली बसला, आणि टेपचं एक टोक त्याने दाराच्या फळीला लावून धरलं. दुसरं टोक धाकटीने स्टुलाच्या पायाशी नेलं. कवळीबाईने वाकून आकडा स्वतः वाचला, आणि बेलीफला म्हणाली की पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढंच भरलं. बेलीफने गुडघ्यावर कागद ठेवून शेरा लिहिला, तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि खाली सही केली.

दार वाजवले. आतून ऐकू गेल्याचे अंतर, दारापासून सव्वीस इंच.