पेटीवाल्या अनंताची साक्ष

"मीराबाईचा सूर ऐकून राहिली का वं? गाऊन राहिली का झाडावरची मांजर उतरवून राहिली?"

अनंतराव उशीत तोंड खुपसून कुरकुरले. त्यांना कुशीवर वळवायला कौसल्या वाकली होती, म्हणून तिलाच तेवढं ऐकू आलं. पडद्यापलीकडे, बाहेरच्या खोलीत, मीराबाईसकट चर्चचं महिला मंडळ गात होतं.

"हळू बोला. ऐकू जाईल त्यायले."

"जाऊ दे. त्यायचं मले ऐकू येते, माझं त्यायले येऊ दे."

कौसल्येनं हसू दाबलं आणि त्यांच्या पाठीखाली धोतराची घडी सरकवली. पाठ म्हणजे आता नुसती हाडं उरली होती, पोट मात्र नगाऱ्यासारखं. वळवताना त्यांनी ओठ चावला, तेही तिनं पाहिलं. मग तिनं खाटेजवळची दुखण्याच्या गोळ्यांची बाटली उचलली आणि रोजच्यासारखी पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवली. बाया गेल्यावर काढायची. बाटली मीराबाईच्या नजरेस पडली असती, तर सदर भागातल्या मिशन कंपाउंडात चार दारं ओलांडायच्या आत "कौसल्येचा विश्वास ढळला" असं झालं असतं.

आणि कौसल्येचा विश्वास ही काही तिची एकटीची वस्तू नव्हती. ती चर्चच्या मंडळीची बायबलबाई. दुपारच्या उन्हात छत्री आणि पिशवी घेऊन घरोघरी जायचं, बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, हे तिचं काम. शेवटचा श्वास जाताना कितीजणांचे हात तिच्या हातात होते. तेव्हा तिची जीभ कधी अडखळली नाही. लोक म्हणत, मरणाच्या दारात उभं राहून बोलावं तर कौसल्याबाईनं.

अनंतराव छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते पोटासाठी. जिवासाठी पेटी. चर्चमध्ये तीसेक वर्षं त्यांनीच पेटी वाजवली, आणि उपासनेत कोण बेसूर गातं हे प्रभूच्या खालोखाल त्यांनाच ठाऊक होतं.

उन्हाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कौसल्येला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "घरी न्या. जे मागतील ते खाऊ घाला." एवढंच म्हणाले. एवढंच पुरे होतं.

मग दिवाळीनंतर मैदानात मांडव पडला. दक्षिणेकडचे कोणी मोठे उपदेशक आले होते, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी पंच, मारोतराव पुढे झाले, त्यांनी सायकलरिक्षा आणली, अनंतरावांना उचलून नेलं. हात ठेवला गेला. लोक गात होते. आणि तेवढ्यात अनंतराव उठले. कुणाचा आधार न घेता चालत मंचापर्यंत गेले, पेटीवाल्याला बाजूला सारलं आणि अख्खं गीत वाजवलं. मांडव रडला. मारोतराव तर लहान लेकरासारखे रडले. ते मुळात मायाळू माणूस, हे विसरून चालायचं नाही.

त्या दिवसापासून कंपाउंडात अनंतरावांना आजारी म्हणायची सोय उरली नाही. ते 'बरे झालेले अनंतराव' झाले. घरी आल्यावर ते खाटेवरून उठले नाहीत, तो थकवा. जेवण जाईना, तीही अशक्ती. दुखतं म्हणावं तर प्रभूच्या दानावर संशय घेतल्यासारखं. कौसल्याही थकवाच म्हणायला लागली. म्हणता म्हणता जिभेला वळण पडलं.

गाणं संपलं. मीराबाई चहाची कपबशी घेऊन पडद्याशी आली.

"रविवारी हंगामाचा सण आहे, अनंतभाऊ. धान्य, संत्री, सारं वेदीपुढं येईल. अन् तुमची साक्ष! सारी मंडळी वाट पाहून राहिली."

अनंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"झोप लागली वाटते," मीराबाई कौतुकानं म्हणाली. "गाण्यानं झोप लागली पाहा."

बाया गेल्या. कौसल्येनं गोळी दिली, पाणी पाजलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी मांडवात काहून उठलो, ठाऊक आहे तुले?"

"प्रभूनं उठवलं."

"लोक गाऊन राहिले होते काळी दोनमध्ये अन् तो पेटीवाला वाजवून राहिला होता पांढरी चारमध्ये. मले सहन नाही झालं, वं. कुठून जीव आला कोणास ठाऊक, पण उठलो तो त्या बाप्याच्या बोटांसाठी."

कौसल्येला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती हसली, तेही हसले, आणि हसता हसता कळ आली म्हणून थांबले. मग तिचं हसू गेलं. चमत्कार हा चमत्कार नसेल, तर मागं उरतो तो डॉक्टरांचा व्हरांडा.

"साक्ष म्हणजे पाहिलं ते सांगणं," अनंतराव म्हणाले. "मी काय सांगू उभं राहून? अन् खोटं बोलून प्रभुभोजन घेऊ का? कौसल्ये, साळवे पाळकायले म्हण, भाकर अन् प्याला इथंच घेऊन या. मले घ्यायचं आहे."

चर्चच्या साळवे पाळकांकडे प्रभुभोजनाचा एक छोटा डबा होता. त्यात इवलासा प्याला आणि बशी. ज्यांना चर्चपर्यंत येणं होत नाही त्यांच्यासाठी. शास्त्राप्रमाणं त्यात भिण्यासारखं काही नाही. पण कंपाउंडाचं शास्त्र वेगळं. तो डबा ज्या घरात शिरला, त्या घरच्या माणसाला लोक मनातल्या मनात कबरस्तानात पोचवून यायचे. कांताबाईच्या सासूला घरी प्रभुभोजन दिलं, तर शेजारणीनं त्याच संध्याकाळी फुलांची चौकशी केली होती.

कौसल्येला हे सारं ठाऊक होतं. त्यांना काय हवं आहे हेही कळलं होतं. तरी तिच्या तोंडून निघालं ते मीराबाईचंच बोलणं.

"इथं कशाले? रविवारी चर्चमध्येच घ्या की. बरे झाले ना तुम्ही."

अनंतरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं झाली, अबोले झाले, पण तिच्याकडे पाठ करून ते कधी निजले नव्हते.

शनिवारी सकाळी कंपाउंडाच्या भिंतीपलीकडची बायजाबाई आली. दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेलं घर. अनंतरावांना ती भाऊ म्हणायची. तिला यांच्या चमत्काराचं कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असलं तरी तिनं मनावर घेतलं नव्हतं. ती सरळ खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्यांची पावलं चोळायला लागली.

"थंडे पडून राहिले पाय. भाऊ, काय खावंसं वाटते? मी करून आणतो."

"भाकर."

"ज्वारीची?"

"कोणतीबी चालते. पण साळवेंच्या हातची."

"अगं माय! तुमचा पाळक भाकरी थापते का?" बायजाबाई हसली. "आमच्या घरचा बाप्या तर पाण्याचा गिलासबी उचलत नाही."

अनंतरावही हसले, पण त्यांचे डोळे कौसल्येवर होते. ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

जाताना बायजाबाई तिला म्हणाली, "बाई, पारशिवनीच्या त्यायच्या बहिणीले निरोप धाडला का?"

"कशाचा निरोप?" कौसल्या फटकन म्हणाली.

बायजाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "असाच. भाऊची खुशाली," म्हणाली, आणि भिंतीच्या खिंडारातून निघून गेली.

कौसल्या तांदूळ निवडत राहिली. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. किती घरांत ती अशी बसली होती! मौद्याच्या एका म्हातारीनं तिला विचारलं होतं, "बाई, मी चालली का वं?" आणि कौसल्येनं तिचा हात धरून म्हटलं होतं, "हो माय, चालली तू. पण एकटी नाही चालली." ते शब्द सुचायला क्षण लागला नव्हता. ते खरे होते म्हणून सुचले होते. मग तेच शब्द स्वतःच्या घरात का गोठले? विश्वास वाढला म्हणून? तिनं सूप खाली ठेवलं. विश्वास नव्हे, भीतीच होती ती. त्या भीतीला तिनं गीताची चाल लावून दिली होती, एवढंच.

संध्याकाळी सभा भरली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मंडळ, दोन खुर्च्यांवर मारोतराव आणि साळवे पाळक. मारोतरावांची सारी व्यवस्था ठरली होती.

"उद्या हातखुर्ची करून नेऊ अनंतभाऊले. उभं राहणं नको. बसल्या बसल्या 'मी बरा झालो' म्हणले तरी बस्स झालं. जास्त ताण नको."

"एवढं तर बोलतीलच," मीराबाई म्हणाली.

साळवे पाळक आपल्या चपलांकडे पाहत होते. ते तरुण होते, आणि या मंडळीत नवे. त्यांनी तोंड उघडलं, कौसल्येकडे पाहिलं, आणि मिटलं. तिनं एक शब्द टाकावा, याची ते वाट पाहत होते, हे तिला त्या क्षणी कळलं. घरची बाई 'बरे झाले' म्हणते, तिथं पाळकानं काय बोलावं?

प्रार्थना सुरू झाल्या. एकामागून एक. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तू आपल्या दासाला आरोग्य दिलेस म्हणून आम्ही तुझी स्तुती करतो." दिलेस, केलेस, उठवलेस. सारं होऊन गेलेलं. पडद्यामागून मधूनच कण्हणं यायचं, आणि तेव्हा प्रार्थना करणाऱ्याचा आवाज जरा चढायचा. प्रत्येकीच्या शेवटी सगळे "आमेन" म्हणत. पडद्यामागचा माणूस म्हणत नव्हता. मीराबाईची प्रार्थना सर्वांत लांब झाली. ती संपली. आता कौसल्येची पाळी. तिच्या प्रार्थनेसाठी तर बाया सदरच्या दुसऱ्या टोकाहून यायच्या.

"हे स्वर्गीय पित्या," तिनं सुरुवात केली. "तू कृपाळू व सर्वसमर्थ आहेस. तू आपल्या दासाला..."

पुढचा शब्द येईना. पाठ असलेला, हजारदा उच्चारलेला शब्द. लोकांना वाटलं, गहिवरली. मीराबाई हळूच "हालेलुया" म्हणाली.

कौसल्या उठली. तिनं पडदा बाजूला केला, पूर्ण, पार दांड्याच्या टोकापर्यंत. खाटेवरचे अनंतराव सगळ्यांना दिसले. मांडवानंतर मंडळानं त्यांना असं उजेडात पाहिलंच नव्हतं. कुणीतरी श्वास आत ओढला. मारोतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पिठाच्या डब्यामागची बाटली तिनं काढली आणि खाटेजवळच्या स्टुलावर, सगळ्यांसमोर ठेवली. मग ती जमिनीवर बसली. अनंतरावांचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांनी मान वळवली, आणि तिनं डोळे मिटले नाहीत. त्यांच्याकडे पाहतच ती प्रार्थना करायला लागली. या वेळी चर्चमधल्या भाषेत नाही. चुलीपाशी बोलायची तशी.

"बापा, मी खोटं बोलली. यायनं भाकर मागतली अन् मी दिली नाही. मले भेव वाटलं. तुह्यं नाही, लोकायचं. उद्या साक्ष नाही होणार. उद्या सकाळी साळवे पाळक तो डबा घेऊन इथं येतील, अन् यायच्या पारशिवनीच्या बहिणीले आज रातीच निरोप जाईन. बापा, माहे मालक मरून राहिले. तुले ठाऊक आहे, त्यायले ठाऊक आहे, इथं बसलेल्या साऱ्यायले ठाऊक आहे. त्यायले एकटं नको मरू देऊ."