तुझं तू बघ

शुक्रवारी सकाळी लाँच बार्जवरून निघाली तेव्हा आखातातल्या उम्म अल कुवैनचा किनारा समोर स्वच्छ दिसत होता. आठवडाभर समुद्रात गाळ उपसून माणसं कंटाळली होती. कुणाला आंघोळ हवी होती, कुणाला घरी फोन लावायचा होता. भिकाजीला तर विमान गाठायचं होतं. तीन दिवसांवर मुलीचं लग्न होतं. दुपारचं तिकीट त्याने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि दर थोड्या वेळाने तो वरून चाचपून बघत होता.

"भिकाजीभाऊ, किती वेळा बघशील? उडून नाही जायचं ते," सुदेश हसून म्हणाला.

सुदेश तोडणकर मालवणचा. दिवाळीनंतरच त्याला फोरमन केलं होतं. १९९७चं साल नुकतंच लागलं होतं, आणि पस्तिशीही न गाठलेल्या माणसाला फोरमन करणं कंपनीत नवीन होतं. भिकाजी त्याच्याच गँगमधला, पण वयाने वडिलांच्या बरोबरीचा. त्याला हुकूम सोडताना सुदेशची जीभ अडखळायची. विमान मात्र गाठून देतो, असा शब्द त्याने आपणहून दिला होता.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. जानेवारीत तिथे येतंच, पण असं नाही. आधी किनारा गेला, मग पाणी गेलं, मग लाँचच्या पुढच्या टोकाला उभा असलेला माणूसही पुसट झाला. लाँच चालवणारा तांडेल इद्रीस नाखवा याने इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. इद्रीस रत्नागिरीकडचा, कमी बोलणारा. त्याने वायरलेसवर ऑफिसला कळवलं आणि पुढे येऊन घंटा वाजवू लागला, दुसऱ्या बोटीला ऐकू जावं म्हणून. थोडं थांबायचं, परत वाजवायची.

पहिला तासभर लोक चेष्टा करत होते. मग चेष्टा संपली. भिकाजी उठून बसत होता, बसून उठत होता. शेवटी सुदेश केबिनपाशी गेला.

"नाखवा, किती लांब असेल किनारा?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"नांगर धरेपर्यंत आपण वाहत आलोय. नेमकं कुठं आहोत ते मलाच माहीत नाही, भाई. इथं रेतीचे दांडे आहेत, ओहोटी लागलीय. धुकं फाटेपर्यंत मी हलणार नाही."

सुदेशला राग आला. बोट चालवणाऱ्यानेच असं बोलायचं? निदान "येईल आता, इन्शाल्ला" एवढं तरी म्हणावं. खाली पंधरावीस माणसं वाट बघत होती. त्यांना जाऊन काय सांगायचं, नाखव्यालाच ठाऊक नाही म्हणून?

परेशला असले प्रश्न पडत नसत. परेश दुसऱ्या गँगचा फोरमन. रुंद, हसरा, सगळ्यांचा लाडका. बार्जवर तो व्हिडिओच्या कॅसेटी आणायचा, कुणाचा वाढदिवस असला तर मेसमध्ये गाणी म्हणायचा. तो छपरावर चढला आणि कान देऊन उभा राहिला.

"ऐका! जनरेटरचा आवाज येतोय. किनारा तिकडेच. आपली छोटी होडी आहे ना मागे बांधलेली? इंजिन आहे तिला. कोण येतंय? यल्ला, चला!"

माणसांमध्ये एकदम जीव आला. सुदेशलाही क्षणभर आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. मग नाही. मग परत वाटला. चार जण उठले. इद्रीस केबिनच्या दारातून ओरडला, "होडी कुणी सोडायची नाही! परेश, खाली उतर!" परेशने हात जोडल्यासारखं केलं आणि इद्रीस वायरलेसकडे वळल्यावर मागच्या बाजूला गेला.

भिकाजी सुदेशसमोर येऊन उभा राहिला. "सुदेश, मी जाऊ?"

सुदेशच्या तोंडात 'नको' आलं होतं. पण विमान चुकलं तर हा माणूस जन्मभर आपल्याला माफ करणार नाही, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. सगळे बघत होते. तो म्हणाला, "मी काय सांगू, भाऊ? तुझं तू बघ."

भिकाजीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बॅग उचलली. होडीचं इंजिन फटफटलं, आवाज लांब गेला आणि धुक्यात विरला.

इद्रीस धावत मागे आला. सुटलेला दोर बघितला. पुढे जाऊन परत घंटा वाजवू लागला, आणि आता थांबेना.

सुदेशला बसवेना. तो लाँचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, कठड्यावरून वाकून बघे, परत येई. एकदा भिकाजीने हाक मारल्यासारखं वाटलं. त्याने "भाऊऽऽ" अशी आरोळी ठोकली. उत्तर आलं नाही. इद्रीसचे हात भरून आले तेव्हा सुदेशने घंटेचा दोर घेतला. घेतल्यावर कळलं की नुसतं उभं राहण्यापेक्षा हे सोपं होतं.

"ते पोहोचले असतील ना?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," इद्रीस म्हणाला. या वेळी सुदेशला राग आला नाही.

धुकं विरळ व्हायला लागलं आणि उजवीकडून आरडाओरडा ऐकू आला. होडी किनाऱ्याच्या उलट्या दिशेने जाऊन रेतीत रुतली होती. सगळ्यांनी उतरून ढकलली, त्यात भिकाजीचा पाय कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पडून टाचेपासून बोटांपर्यंत फाटला. पाणी चढल्यावर होडी सुटली आणि घंटेच्या रोखाने ते परत आले. भिकाजीचा चेहरा पांढरा पडला होता. परेश सांगत होता, "इंजिनच खराब होतं. नाहीतर आत्ता चहा पीत बसलो असतो."

लाँच धक्क्याला लागली तेव्हा दुपार झाली होती. भिकाजीला सरळ दवाखान्यात नेलं. टाके पडले, इंजेक्शन झालं, डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. आणि मग कळलं की धुक्यामुळे विमानच उशिरा, संध्याकाळी सुटलं होतं. लाँचमध्ये नुसता बसून राहिला असता तरी त्याला ते मिळालं असतं. पुढची जागा चार दिवसांनंतरची होती.

शनिवारी मॅनेजरने तिघांना बोलावलं. "होडी किसने छोड़ी?"

"सर, लोग परेशान थे," परेश म्हणाला. "भिकाजी तो रोने लगा. इन्सानियत के नाते ले गया. इंजिन ठीक होता तो कुछ नहीं होता."

इद्रीस म्हणाला, "लाँच मेरी है. दोर छूटा तब मैं वहाँ नहीं था. होना चाहिए था."

मॅनेजरने सुदेशकडे बघितलं. खरं तर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याने होडी सोडली नव्हती, तो होडीत बसलाही नव्हता. गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"सर, भिकाजी मेरा आदमी है. उसने मुझसे पूछा था. मुझे मना करना चाहिए था. मैंने नहीं किया."

निकाल दोन दिवसांनी लागला. इद्रीसला महिनाभर किनाऱ्यावर बसवलं. सुदेशची फोरमनकी गेली. परेशला नुसती समज दिली आणि दोन्ही गँग त्याच्याकडे आल्या. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

भिकाजीला एअरपोर्टवर सोडायला सुदेश गेला. लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. टॅक्सीत भिकाजी बँडेजचा पाय आडवा ठेवून बाहेर बघत होता. शारजा मागे पडल्यावर बोलला.

"नको म्हणाला असतास तर मी तुला शिव्या घातल्या असत्या."

"हो."

"पण थांबलो असतो."

एअरपोर्ट आल्यावर सुदेशने त्याला हात देऊन उतरवलं. त्याने बॅग ट्रॉलीवर चढवून दिली. भिकाजी मागे न बघता लंगडत आत गेला.

पावसाळा इथे नसतोच, उन्हाळा मात्र सरला. नवीन बार्ज आली आणि माणूस कमी पडला म्हणून सुदेशला तिच्यावर पुन्हा फोरमन केलं. ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी सकाळपासून वारा सुटला होता. पाण्यात उतरून गाळाचा पाइप खाली सोडायचं काम बाकी होतं. ते झालं असतं तर सगळ्यांना शुक्रवारची सुट्टी मिळाली असती.

"तासाभराचं काम आहे," माणसं म्हणाली. "आम्ही करतो, तू फक्त हो म्हण."

"नाही. वारा पडल्याशिवाय कुणी उतरणार नाही."

"काही होत नाही रे!"

"होईल की नाही ते मला माहीत नाही. उतरायचं नाही. खलास."

जेवताना कुणी त्याच्याजवळ बसलं नाही. एक जण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला की परेश असता तर आत्तापर्यंत आपण किनाऱ्यावर असतो. सुदेशने निम्मं ताट तसंच ठेवलं. तो डेकवर फेऱ्या मारत राहिला, लाटा बघत, झेंड्याकडे बघत, आपण चुकलो की काय असं मनात म्हणत.

वारा संध्याकाळी पडला. पाइप सकाळीच उतरवला असता तर कदाचित कुणाला खरचटलंही नसतं. ते आता कधीच कळणार नव्हतं. सुदेशने माणसं मोजली, सगळी होती, आणि तो उद्याच्या कामाचं सांगायला त्यांच्याकडे गेला.