सरांचा सहावा अंदाज

मंगळवार पेठेतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपला मात्र कुणी काढत नव्हतं, कारण समोर बसलेला माणूस बाबा नव्हता, सर होता. धैर्यशील सर. भगवं नाही, भस्म नाही. निळं जाकीट आणि पुढ्यात लॅपटॉप. धोंडुबाईंनी मात्र जाता जाता लॅपटॉपला हळूच हात लावून तो कपाळाला लावला.

चमत्कार असा होता. सर दर रविवारी पेठेच्या व्हॉट्सअॅप गटावर एका टेक कंपनीचं नाव टाकत आणि पुढं एकच शब्द, ‘वर’ किंवा ‘खाली’. आठवडाभरात शेअर सांगितल्या दिशेला जाई. पाच रविवार झाले आणि पाचही अंदाज बरोबर आले.

“मी ज्योतिषी नाही,” सर माइकवर म्हणाले. “ज्योतिषी भविष्य सांगतो. मी डाउनलोड करतो.”

टाळ्या.

“माझ्या एआयला लोभ नाही!”

लोभ पुरवायला आम्ही दोनशे जण होतोच. मी तर पहिल्या रांगेत. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात बुवाबाजीची टिंगल केली. अंगारा, गंडे, पैशाचा पाऊस, काही सोडलं नाही. म्हणूनच मागच्या रविवारी सरांनी मला व्यासपीठावर बोलावून शाल घातली आणि मी माइक हातात घेऊन म्हणालो, “मी आयुष्यभर भोंदू बघितलेत. हा भोंदू नव्हे. हे विज्ञान आहे.”

शाल चांगल्या प्रतीची होती.

आता सहावा अंदाज. कंपनी नभांक टेक. “उद्या बाजार उघडला की जेवढं आहे तेवढं लावा. वर्षात पाचपट!”

शेजारी बसलेल्या भीमाप्पानं माझ्या कानाशी तोंड आणलं. “बाबासो, कांडप इकलं.”

“काय विकलं?”

“मिरचीचं कांडप. मुरगूडच्या पावण्याला. काल टेंपोत घालून नेलं बी.”

ऐन चटणीचा हंगाम. एकोणीस वर्षं ते यंत्र भीमाप्पाची बायको बसव्वा चालवत होती. ती मागं भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावर पदर, नखांत अजून लाल.

“अरे, कुणाला विचारलंस?”

“तुमीच म्हटलासा न्हवं, इज्ञान हाय म्हणून?”

मला एकाएकी उकडायला लागलं. शाल अंगावर नसतानाही.

तेवढ्यात संघप्रिया बाई उठल्या. पेठेतल्या शाळेत त्या गणित शिकवतात. माहेर बिद्रीचं. “सर, एक शंका. नभांकचा एक शेअर वर्षाला किती कमावतो?”

“मॅडम, टेकमध्ये कमाई बघत नाहीत. स्वप्न बघतात.”

“कंपनीच्या अहवालात आहे की. दोन रुपये. आणि भाव आठशे.” त्या भीमाप्पाकडं वळल्या; कालचा टेंपो त्यांनी पाहिला होता. “काका, कांडप वर्षाला किती देत होतं?”

“खर्च जाऊन लाखभर.”

“कितीला दिलंत?”

“तीन लाखाला.”

“म्हणजे तीन वर्षांच्या कमाईला विकलंत, आणि चारशे वर्षांच्या कमाईला घेताय.”

“चारशे वर्षं?” मागून गुंडू ओरडला. “तवर आमी काय करायचं?”

हशा झाला. सरही हसले. “कंपनी वाढणार आहे!”

“वाढेलही. टेकमधल्या काही वाढतातच. पण किती वाढली म्हणजे हा भाव परवडेल? आणि नाही वाढली तर?”

“पाचपैकी पाच!” सरांचा आवाज चढला. “याला उत्तर द्या!”

“द्या की उत्तर!” पेठही ओरडली. खोटं कशाला बोलू, त्यात माझाही आवाज होता.

बाईंनी पर्समधून एक जुना फोन काढला. “हा माझ्या वडिलांचा. नागसेन, बिद्री. त्यांच्या गटातही हेच सर होते. पहिल्या रविवारी कंपनी तीच. तुम्हाला ‘वर’ आलं, त्यांना ‘खाली’.”

पहिली रांग फोन बघायला पुढं झुकली.

“आणखी गट निघाले, माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरून. कुठं एक बरोबर, कुठं दोन, कुठं तीन. मग सर तिथं गप्प. समजा बत्तीस गट केले. सोळांना ‘वर’ सांगितलं, सोळांना ‘खाली’. चुकलेले सोळा सोडून दिले. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. आठ, चार, दोन आणि पाचव्या आठवड्याला एक. तो एक गट आपला. यात एआय कुठं आहे?”

“म्हणजे,” गुंडूनं विचारलं, “शिवाजी पेठेला चुकीचं आलतं?”

“पहिल्याच आठवड्यात.”

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग आपण कशाला टाळ्या वाजवतोय ते त्यांनाही कळलं.

सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, अंदाज पेठेबाहेर गेला तर त्याची ताकद जाते. आम्हाला हे बजावायची गरजच नव्हती. फुटबॉलचा सामना असला की शिवाजी पेठेतल्या सख्ख्या मेव्हण्याशी आम्ही आठवडाभर बोलत नाही. त्याला कमाईची गोष्ट सांगतोय होय!

“पर ज्यांचं चुकलं त्यांनी का न्हाय सांगिटलं?” धोंडुबाईंनी विचारलं.

“वडिलांना मीही हेच विचारलं. म्हणाले, लाज वाटली.” बाई सरांकडं वळल्या. “शेवटचं. उद्या आपण दोनशे जण नभांक घेणार, म्हणजे कुणीतरी विकणार. आधीच स्वस्तात घेऊन ठेवलेला तो विकणारा कोण, सर?”

सर लॅपटॉप मिटत होते. “डेटा गोपनीय असतो.”

“ओ पावणं,” गुंडू दारात आडवा झाला, “बसा की. घाई काय हाय?”

पोलीस येईपर्यंत सरांना आम्ही चहा दिला. मी माइक घेतला आणि म्हणालो, “हे विज्ञान आहे, असं मी म्हणालो होतो. काहीही न तपासता म्हणालो.” एवढंच जमलं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी भीमाप्पा, बसव्वा आणि मी, आम्ही तिघं कांडप परत मागायला मुरगूडला गेलो. कांडप चालू होतं, बाहेर बायकांची रांग. पावणा चांगला माणूस होता. पाणी दिलं, मग म्हणाला, “वैनी, वेव्हार झालाय. आता मागं न्हाय.” आणि ते खरंच होतं. बसव्वानं त्याला एक मुसळ कसं अडकतं ते दाखवलं, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“लई लोकांवर लिवलंसा तुमी. आता ह्ये लिवा. नाव घालून. आमचं नसलं तरी चालंल, तुमचं घाला.”

म्हणून हे लिहिलं. कुणी पाच बरोबर उत्तरं दाखवली तर चुकलेली कुठं आहेत ते विचारा. कंपनी कमावते किती आणि आपण देतोय किती, याचा भागाकार स्वतः करा. आपण घेतोय ते विकतंय कोण, हेही विचारा. शाल घातलेला कुणी ‘विज्ञान आहे’ म्हणाला, तर त्यालाही विचारा. आणि फसलात तर त्याच दिवशी मोठ्यानं सांगा. चुकलेल्या गटांतल्या एकानं जरी पहिल्या आठवड्याला लाज गिळून शेजारच्या पेठेत फोन केला असता, तर बसव्वाचं कांडप आज मुरगूडात वाजत नसतं.